बाकीच्यांना चालायचं नाही

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मला शिकायला पाठवलं, तेव्हा मी आधी चिडलो आणि मग मला उत्सुकता वाटायला लागली. माझं बहुतेक बाबतीत असंच होतं. दूध संघात सुपरवायझर होऊन मला सतरा वर्षं झाली होती. आधी सायकलवर आणि मग मोपेडवर नेवासे तालुक्यातले गोठे मी पालथे घातले होते. गाय नुसती उठून उभी राहिली, की तिला दगडी झालीय की नाही हे मी सांगायचो. कास सुजून दूध नासतं, त्या आजाराला आमच्याकडे दगडी म्हणतात. कुठल्या शेतकऱ्याला रागवायचं, कुणाला चुचकारायचं, कुणाच्या बायकोलाच थेट सांगायचं, हे मला पाठ होतं. एकेका माणसाला वळणावर आणण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असा माझा समज होता आणि साहेब लोकांनीही तो कधी मोडला नव्हता.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. गावोगावच्या दूध संस्था, पाणी वापर संस्था, महिला मंडळं यांच्यात कुरबुरी वाढल्या होत्या आणि एका स्वयंसेवी संस्थेनं ठरवलं, की वर्षानुवर्षं माणसांना मार्गदर्शन करणाऱ्या जुन्या जाणत्यांनाच पूर्ण संस्थेबरोबर काम करायला शिकवावं. महिन्यातून दोन दिवस, सहा महिने. जागा केडगावला पुणे रस्त्यालगत, टायरच्या दुकानावरचा एक हॉल. खाली टायर ठोकल्याचा आवाज आला की वर आमची सतरंजी हलायची.

आम्ही अकरा जण होतो. शेती खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, आरोग्य केंद्रातल्या एक नर्सबाई, बालवाड्या तपासणाऱ्या एक ताई, असे सगळे मुरलेले. पहिल्या दिवशी चहाच्या वेळीच आमचं एकमत झालं की आपल्याला आता कोण काय शिकवणार. शिकवायला आलेल्या मॅडम पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, चष्मा गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी भाषण केलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, की खानावळवाला खाली उभा आहे, किती ताटं, काय जेवण आणि किती वाजता हे त्याला हवंय, पंधरा मिनिटांत तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवा. मग त्या वही घेऊन कोपऱ्यात बसल्या.

आम्ही साडेतीन वाजता जेवलो. निवृत्त गृहस्थांनी ज्वारी आणि पित्त यांच्यावर माहिती दिली. मी निवड कशी करावी याची पद्धत सांगितली. कुणी खानावळ बदलायला सुचवलं. खानावळवाला दोनदा वर येऊन गेला आणि तिसऱ्यांदा आलाच नाही. जेवणानंतर मॅडमनी वही वाचून दाखवली. सल्ले चौतीस, प्रश्न एक. तो प्रश्न नर्सबाईंनी विचारला होता, की भूक कुणाकुणाला लागलीय, आणि त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. आम्ही खूप हसलो. पण घरी येताना एसटीत माझ्या डोक्यातून ते जाईना. अकरा शहाणी माणसं एकत्र आली आणि अकरा मिळून एक वेडा तयार झाला, हे झालं कसं? गाईच्या आजाराचं कारण हुडकताना मला जशी हुरहूर लागते, तशी लागली.

तिसऱ्या महिन्यात प्रत्येकाला सरावासाठी एक संस्था वाटून दिली. माझ्या वाट्याला सोनईच्या पुढच्या एका गावची दूध संस्था आली. तिचा आजार वरून साधा दिसत होता. जुने सचिव सोडून गेल्याला चार महिने झाले होते आणि पंचमंडळ नवा सचिव नेमत नव्हतं. लहान दूध संस्थेत सचिव म्हणजे सगळंच. पहाटे लोकांच्या कॅनमध्ये माप बुडवून नमुना घ्यायचा, फॅट काढायची म्हणजे दुधातली स्निग्धता मोजायची, रजिस्टर लिहायचं, सभेचं इतिवृत्त लिहायचं. यातलं लिहिण्याचं काम गावातल्याच एक बाई पाच वर्षांपासून करत होत्या. बारावी झालेल्या, पस्तिशीच्या, नवरा साखर कारखान्यात कामगार. फॅट काढायचं शिक्षण त्यांनी नगरला जाऊन रीतसर घेतलं होतं. त्यांच्याइतकं लायक दुसरं कुणी त्या गावात नव्हतं आणि त्यांनी अर्जही केला होता. पण जुने सचिव गेल्यापासून कॅनमध्ये माप बुडवायला चेअरमननी स्वतःचा पुतण्या उभा केला होता, आणि त्याच्या फॅटचे आकडे इतके चुकत होते की संघाकडून दर आठवड्याला बोलणी यायची.

बाई बौद्ध वस्तीतल्या होत्या. लिहायला त्या चालत होत्या, दुधाच्या मापाला त्यांचा हात लागलेला चालत नव्हता. पण असं तोंडानं कुणी म्हणत नव्हतं. सभेत त्यांच्या अर्जाचा विषय निघाला की रीत म्हणून त्या उठून बाहेर जायच्या, आणि आत बोलावलं की सांगतील ते लिहायच्या. चार सभांत चार वेळा त्यांनी आपल्याच अक्षरात लिहिलं होतं की सचिव नेमणुकीचा विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले.

मला वाटलं, हे तर माझंच काम. पंच नऊ. दोन दिवसांत मी नऊही घरं केली. प्रत्येक घरी पाट किंवा खुर्ची, प्रत्येक घरी चहा, आणि पाचव्या घरापासून पोटात आम्ल. आधी गाईंची चौकशी करायची, मग हळूच विषयाला हात घालायचा, ही माझी जुनी पद्धत. आणि काय सांगू, नऊच्या नऊ जणांनी होकार दिला. चेअरमन म्हणाले, बाई हुशार आहे. सगळ्यात वयस्कर पंच, ज्यांना गाव काका म्हणायचं, तेही म्हणाले, की माझं काही नाही. फक्त प्रत्येकानं शेवटी एक वाक्य जोडलं, की बाकीच्यांना चालायचं नाही. हे वाक्य मी कानाआड केलं, कारण बाकीच्यांना मी विचारून आलो होतो आणि सगळ्यांना चालत होतं. मोपेडवर बसताना मी स्वतःवर खूश होतो.

सभेला गेलो. विषय निघाला, बाई बाहेर गेल्या. चेअरमन म्हणाले, बोला. कुणी बोलेना. मग एकानं पत्र्याला भोक पडल्याचं काढलं. दुसऱ्यानं बर्फाच्या लादीचं काढलं. दहा मिनिटांत चेअरमन म्हणाले, की हा विषय पुढच्या सभेला बघू. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, की तुम्ही नऊच्या नऊ जणांनी मला घरी होकार दिलाय, मग आता दातखीळ का बसली?

सतरंजीवरचा एकही माणूस माझ्याकडे बघेना. चेअरमन अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, चहावर झाल्यालं बोलनं असं सभेत काढायचं नसतंय."

मग त्यांनी जाहीर केलं, की एवढा घोळ नको, पुढच्या महिन्यात निर्णय झाला नाही तर शेजारच्या गावचा माणूस सचिव म्हणून आणू. म्हणजे मी जाण्याआधी बाईंचा अर्ज निदान लोंबकळत तरी होता. माझ्या मदतीनं त्याला मुदत लागली. त्या आत आल्या आणि त्यांनी खाली मान घालून ते लिहून घेतलं. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

केडगावला पुढच्या खेपेला मी भरपूर तक्रार केली. लोक दुटप्पी आहेत, तोंडावर एक आणि पाठीमागं एक, वगैरे. मॅडमनी ऐकून घेतलं आणि माझ्या हातात खडू दिला. म्हणाल्या, यात कोण कोण आहे ते फळ्यावर काढा. मी नऊ गोल काढले, कुणाचं कुणाशी बरं आहे त्याच्या रेघा मारल्या. नकाशा छान झाला होता.

"यात तुम्ही कुठे आहात?" त्यांनी विचारलं.

मी फळ्याच्या कडेला, सगळ्या गोलांपासून लांब, एक ठिपका दिला. मी बाहेरचा, म्हणालो. मग त्यांनी विचारलं, "आणि त्या बाई?"

बाईंना मी काढलंच नव्हतं. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांचा गोल फळ्यावर नव्हता. नर्सबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, की दहावा चहा राहिला वाटतं. मी लगेच कारण दिलं, की वस्ती पुलाच्या पलीकडे आहे, अंधार पडत होता, परत यायचं होतं. मॅडम थांबून राहिल्या. त्यांची ही खोड होती, समोरच्याचं बोलून संपलं तरी त्या थांबायच्या. आणि त्या थांबण्यात मला माझं खरं कारण ऐकू यायला लागलं. पहिल्याच दिवशी त्या पुलापाशी मी मोपेड हळू केली होती. मनात आलं होतं, की आधी वस्तीत चहा घेतला तर पंचांच्या घरी माझं स्वागत तसं होणार नाही. माझं स्वतःचं काही नव्हतं. बाकीच्यांना चाललं नसतं.

मी हे तसंच सगळ्यांसमोर बोलून टाकलं, कारण दुसरं काही बोलता येईना. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी मोठं नवलही वाटलं. शेतकरी घरात वाढलेलो मी, स्वतःला सुधारलेला समजत होतो. पंचमंडळाला जो आजार होता तो तपासायला गेलेल्या माणसालाच झालेला होता आणि मला पत्ता नव्हता. एकेका गोठ्यात हिंडताना असं कधी घडलं नव्हतं, कारण गाईला माझ्याविषयी काय वाटतं हा प्रश्न तिथं येत नाही. मॅडमनी खडू घेतला आणि माझा ठिपका पुसून मला नऊ गोलांच्या मध्ये काढलं. शेजारी बाईंचा गोल काढला. शिकवणी म्हणून एवढीच. जाताना त्यांनी आणखी एक सांगितलं, की तोंड उघडावंसं वाटलं की आधी मनात वीस आकडे मोजत जा.

दुसऱ्याच रविवारी मी पुलापलीकडे गेलो. घर पत्र्याचं, ओटा सारवलेला, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. बाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मी जयभीम म्हणालो, त्यांनी जयभीम घातला आणि बसायला पोतं टाकलं. मी माझी चूक सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी मला अर्ध्यात थांबवलं. शांत आवाजात म्हणाल्या, की आमच्या ओट्यावरून पलीकडचा रस्ता सगळा दिसतो, तुमची गाडी कुठं कुठं लागली ते आम्ही दोन दिवस बघत होतो. पोरींनी तर घरं मोजली. त्यात टोमणा नव्हता. मला टोमणा बरा वाटला असता.

मग मी विचारलं, की तुम्हाला काय हवंय. हा प्रश्न त्या गावात मी कुणालाच विचारला नव्हता. मला वाटलं, त्या म्हणतील की चेअरमनना समजवा, संघाकडून दाब आणा. माझ्याकडे तसे दोन-चार उपाय तयारही होते.

"माझ्यासाठी कुनाला काय सांगू नका, साहेब," त्या म्हणाल्या. "मला आत बसू द्या. पाच महिने झाले, मला न्हाई असं कुनी म्हनलंच न्हाई. न्हाई म्हनलं तर मी काय तरी बोलंन. कुनी बोलतच न्हाई, तर मी भांडू कुनाशी?"

तयार उपाय मी तोंडातच ठेवले आणि वीसपर्यंत मोजलं. चहा आला. मी प्यालो.

चेअरमनकडे मी दोनच मागण्या घेऊन गेलो. विषय निघेल तेव्हा बाई आत बसतील. आणि प्रत्येकानं पाळीपाळीनं स्वतःचं सांगायचं, लोक काय म्हणतील, बाकीच्यांना काय वाटेल, हे कुणी काढायचं नाही. चेअरमननी पानाचा देठ खुडून टाकला. मला वाटलं, मला घालवून देतात. पण ते म्हणाले, की संघाची बोलणी खाऊन मीही कंटाळलोय, एकदा होऊन जाऊ दे. फक्त साहेब, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. ही अट मी आनंदानं घेतली.

सभा सकाळचं दूध गेल्यावर होती. संस्थेच्या खोलीत ताकासारखा आंबूस वास, कॅन धुवून पालथे घातलेले. बाई भिंतीशी इतिवृत्ताची वही मांडीवर घेऊन बसल्या. विषय निघाला आणि सवयीनं त्या उठायला लागल्या. चेअरमन म्हणाले, बसा. मग त्यांनीच सुरुवात केली.

"माझी हरकत न्हाई," ते म्हणाले, आणि तोंड उघडंच राहिलं. त्यांच्या जिभेवर पुढचं वाक्य आलेलं मला दिसलं. ते त्यांनी गिळलं. दुसऱ्यालाही तसंच झालं, तिसऱ्यालाही. एवढं छोटं वाक्य बोलून थांबणं माणसाला किती जड जातं, हे मी पहिल्यांदा बघत होतो. एकानं सरळ बाईंकडे बघून सांगितलं, की ताई, मला चालतंय, मी आधीच बोलायला हवं होतं. सहा जण झाले. मी ठरवलेला माझा विजय समोर दिसत होता आणि मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. मी आकडे मोजत होतो.

सातवे काका. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. मी वीस मोजले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. त्यांना मदत करावी, म्हणावं की काका, घरी तुम्ही होकार दिला होता, असं मला इतकं वाटत होतं की मी हाताची घडी घट्ट धरून बसलो.

"माझी हाय," काका म्हणाले. "हरकत. माझ्या कॅनात तिनं हात घातल्याला मला न्हाई चालायचा. वाईट हाय का चांगलं, मला म्हाईत न्हाई. पर हाय."

मला वाटलं, झालं, आता उरलेले दोघं काकांच्या मागं जाणार, आणि झालेले सहाही फिरणार, आणि हे सगळं माझ्या हातून झालं.

बाईंनी वही बाजूला ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल, रडू येईल, म्हणून मी बघत होतो. त्यातलं काही आलं नाही. पाठ ताठ करून त्या काकांच्या समोर सरकून बसल्या.

"बरं झालं बोललात, काका," त्या म्हणाल्या. "पाच महिने मी मनातल्या मनात नऊ जनांशी भांडत हुते. तुमचं दूध मी घेनार, जसं सगळ्यांचं घेईन तसंच. तुमाला न्हाई पटलं तर रोज सकाळी मला तोंडावर सांगा. मी ऐकून घेईन, आन् माप बुडवीन."

काकांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. हो म्हणाले नाहीत, उठूनही गेले नाहीत. उरलेल्या दोघांपैकी एक जण अडखळला, पण दोघांनीही हरकत नाही असंच सांगितलं. आठ विरुद्ध एक. चेअरमननी ठराव सांगायला घेतला, आणि प्रेमानंच म्हणाले, की काका, तुमचं आपण लिहीत नाही, एकमतानं असं लिहू, गावाला बरं दिसतं. मलाही ते बरं वाटलं. काका मात्र उसळले. म्हणाले, की मी बोललोय ते लिहायचं, मी काय मेलोय का.

सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. त्यांनी वही परत मांडीवर घेतली, पेनचं टोपण काढलं.

"कसं लिहू, काका?"

"बोललो तसं लिव."

त्यांनी लिहिलं. त्यांच्या त्या ठळक, गोल अक्षरात, एकही शब्द मऊ न करता, आपल्याच हाताला घेतलेली हरकत त्यांनी आपल्या हातानं लिहिली आणि काकांना मोठ्यानं वाचून दाखवली. काका म्हणाले, बरोबर हाय. मग सहीसाठी त्यांनी वही काकांच्या पुढं धरली. काकांनी खिसे चाचपले, पेन नव्हतं. बाईंनी आपलं पेन पुढं केलं. काका क्षणभर त्या पेनाकडे बघत राहिले, खोलीतले आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो, आणि मग त्यांनी ते घेतलं आणि सही केली.